वर्गणीची पावती फाडल्यावर: कोकणातली देणगी, श्रमदान आणि त्यामागचे नियम

कोकणातलं बहुतेक प्रत्येक गाव दोन ठिकाणी असतं. एक सरकारी नकाशावर, मंडणगड, गुहागर, राजापूर नाहीतर देवगड तालुक्यात. दुसरं मुंबईत. पूर्वी ते गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोलीत असायचं, आता विरार, दिवा, नालासोपाऱ्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये असतं. त्याला 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असं काहीतरी नाव असतं, अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात. देवळाच्या कळसापासून पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, चिऱ्यांपर्यंत, ओढ्यावरच्या साकवापासून शाळेच्या कुंपणापर्यंत गावातल्या कितीतरी गोष्टींना लागलेला पैसा इथून गेलेला असतो. तो कुणा एका शेठजीचा नसतो. पगारातून, रिक्षाच्या कमाईतून, भाजीच्या गाड्यावरून बाजूला काढलेला तो पैसा असतो.

परंपराही जुनी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे एकोणिसाव्या शतकात मुंबईत होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या गाववाल्यांनी मिळून गावाच्या कामांसाठी 'मुरूड फंड' काढला होता. हे मुरूड दापोली तालुक्यातलं. पुढे स्त्रीशिक्षणासाठी दारोदार फिरून थेंबाथेंबाने निधी जमवणारा हा माणूस सार्वजनिक पैसा सांभाळायला शिकला, त्यात गावच्या फंडाचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

आपल्याकडे लोक देतात खूप. पण दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं, कुठला कायदा लागतो, करात काय सुटतं, पुराच्या वेळी कपडे द्यावेत की रोख, यावर मात्र गोंधळ असतो. तो गोंधळ जमेल तितका सोडवावा, म्हणून हा लेख.

घरटी वर्गणी कशी चालते

वर्गणीचं एकक माणूस नव्हे, घर. 'घरटी' अमुक इतके, असा ठराव होतो. काही मंडळांत कमावत्या माणसामागे वेगळा आकडा असतो. जीर्णोद्धार, पालखी, रंगमंच अशा मोठ्या कामाला विशेष वर्गणी लावतात. वर्षातून एकदा सभा भरते, खजिनदार जमाखर्च वाचतो, कुणाची बाकी राहिली तेही वाचलं जातं. सिमेंटच्या गोण्या किती आल्या, चिरा कुठल्या खाणीतला, गवंड्याची मजुरी किती, यावर तासभर वाद होतो.

हा वाद हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. शहरातला देणगीदार मोठ्या संस्थेला पैसे पाठवतो आणि वर्षाअखेरीस त्याला चकचकीत अहवाल येतो. वाडीतल्या देणगीदाराला गणपतीला गावी गेल्यावर ती पाखाडी स्वतःच्या पायाने चढायची असते. काम कच्चं झालं तर पहिल्याच पावसात कळतं. पैसे देणारा, खर्च करणारा आणि वापरणारा एकमेकांना नावाने ओळखतात. अशी देखरेख पैसे मोजूनही विकत मिळत नाही.

मर्यादाही स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली अशी, की ही वर्गणी जे दिसतं त्यावर खर्च होते. सभामंडप, कमान, फरशी, नावाची पाटी. जे दर महिन्याला लागतं आणि दिसत नाही, त्याला पैसे निघत नाहीत. वाचनालयाच्या ग्रंथपालाचा पगार, बालवाडीतल्या ताईचं मानधन, रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार आणि टायर. दुसरी मर्यादा वाडीच्या हद्दीची. बहुतेक गावांत वाड्या जातीनुसार वसल्या आहेत, त्यामुळे मंडळंही तशीच झाली. ज्या वाडीतले लोक मुंबईत चांगल्या नोकऱ्यांना लागले, तिथे नळपाणी लवकर आलं. ज्या वाडीत मोलमजुरीच राहिली, तिथे बाया अजून हंडा घेऊन उतरतात. याचा दोष कुणा एका वाडीला देता येणार नाही. पण संपूर्ण गावाची मिळून एखादी वर्गणी असावी, निदान पाणी आणि आजारपण या दोन गोष्टींसाठी, असं मला मनापासून वाटतं.

वर्गणी आणखीही रूपांत चालते. कोकणी मुसलमानांच्या गावात जमात असते, तिचे कमावते लोक मुंबईत आणि आखातात असतात. तिथे जकातीचा नियम आहे: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती चांद्र वर्षभर हाती राहिली, तर तिचे अडीच टक्के गरजूंना द्यायचे. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा तो वेगळा. वर्षातून एकदा बसून आपल्याकडे काय आहे ते मोजायचं आणि त्याचा ठरलेला हिस्सा काढायचा, ही शिस्त कुणीही घ्यावी अशी आहे. बौद्धवाडीत विहारासाठी आणि जयंतीसाठी मुंबईच्या शाखेतून वर्गणी येते. वसईत, सावंतवाडीत चर्चच्या मार्फत काम चालतं.

कायद्याच्या नजरेतून मंडळ

अनेक मंडळांची नोंदणीच झालेली नसते. गोडीगुलाबी आहे तोवर अडत नाही. पण नोंदणी नसेल तर मंडळाच्या नावाने बँकेत खातं उघडणं कठीण जातं, मग पैसे दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवतात. त्यातला एक वारला, दुसऱ्याशी बिनसलं, की कागदोपत्री तो पैसा गावाचा राहतच नाही. वारसांना वाटलं तर देतील, अशी पाळी येते.

महाराष्ट्रात अशा मंडळाची नोंदणी साधारण दोन कायद्यांखाली होते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतलं कार्यालय क्रमांक देतं. संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असतं, हिंदू धार्मिक न्यासाच्या क्रमांकाआधी 'ए'. पावतीवर हा क्रमांक छापलेला असावा. तो दिसत नसेल तर विचारायला लाजू नये, आणि कुणी विचारलं म्हणून खजिनदाराने रागावू नये.

नोंदणी झाली की जबाबदाऱ्या येतात. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, तपासून घ्यायचे आणि धर्मादाय कार्यालयात भरायचे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. या बदल अर्जाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पंधरा-वीस वर्षं अर्ज दिला नाही, तर सरकारी नोंदवहीत वारलेली माणसंच विश्वस्त म्हणून राहतात. मग बँक सह्या घेत नाही, देवळाची जमीन मोजता येत नाही, शाळेच्या इमारतीचा करार होत नाही, आणि कोर्टकचेरीत वर्गणीच खर्च होते.

फक्त एका उत्सवासाठी वर्गणी काढायची असेल तर कायमची नोंदणी लागत नाही. १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घेता येते. गणेशोत्सव आणि नवरात्राची मंडळं हीच घेतात. उत्सवानंतर हिशेब द्यावा लागतो.

करसवलत: निम्मे पैसे परत मिळतात का?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे.

आयकरातली देणगीची सवलत सगळे '८० जी' या नावाने ओळखतात. हे १९६१ च्या कायद्यातलं कलम. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण बोलताना लोक जुनंच नाव घेतात. साधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते. कर वजा होत नाही, उत्पन्न वजा होतं. तुम्ही १०,००० रुपये दिलेत तर ५,००० उत्पन्नातून सुटतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतात १,००० रुपये, उपकर धरून १,०४०. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला दिलेत, तर पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते.

अटी बऱ्याच आहेत. नवी करपद्धत निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही, आणि आता तीच आपोआप लागू होते. जुनी हवी तर तसं कळवावं लागतं. दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर ती धरत नाहीत. वस्तू, धान्य, श्रम यांना सवलत नाही. संस्थेकडे या सवलतीची मंजुरी असावी लागते, आणि २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. साध्या पावतीवर भागत नाही.

गावच्या मंडळांसाठी यात एक मेख आहे. एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरतीच असलेली संस्था या सवलतीला सहसा पात्र ठरत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना यात अपवाद आहे. म्हणजे ज्या मंडळाच्या घटनेत फक्त आमच्या वाडीतले अमुक समाजाचे लोक असं लिहिलेलं आहे, त्याला अडचण येते. संपूर्ण गावासाठी शिक्षण, आरोग्य, पाणी असं काम करणारी संस्था काढली तर वाट मोकळी होते.

दुबईहून भाच्याने पैसे पाठवले तर

रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न घराघरातला आहे. परदेशी पैसा म्हटला की परकीय योगदान नियमन कायदा, २०१० आडवा येतो, असं लोक ऐकून असतात आणि घाबरून पैसेच घेत नाहीत. नियम असा आहे: माणूस भारतीय नागरिक असेल, पासपोर्ट भारताचा असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले, तर तो परकीय पैसा धरला जात नाही. तो दुबईत असो की दोह्यात. आखातात वर्षानुवर्षं राहूनही आपल्या लोकांना सहसा तिथलं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो. पासपोर्टची प्रत आणि पैसे कुठून आले याची नोंद ठेवावी.

पण तोच भाचा लंडनला गेला आणि ब्रिटिश नागरिक झाला, तर त्याची देणगी परकीय ठरते, मग तो जन्माने खेडचा असला तरी. ती घ्यायला संस्थेकडे या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या मंडळाने या भानगडीत न पडता, त्या भाच्याला नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेचा रस्ता दाखवावा.

पूर आणि वादळ: काय द्यावं, केव्हा द्यावं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. या काळात कोकणात मदतीचे ट्रक अक्षरशः रांगेने आले. येणाऱ्यांच्या मनात काय होतं ते पाहिलेलं कुणीही विसरणार नाही.

त्या मदतीतली एक गोष्ट मात्र दर आपत्तीत डोकेदुखी होते: वापरलेले कपडे. ते वर्गवारी न करता येतात, पावसात भिजतात, चिखलाच्या ढिगात आणखी एक ढीग होतो. निवडायला माणसं लागतात, आणि ती माणसं तेव्हा घरातला गाळ काढत असतात. त्याऐवजी रोख पैसे दिले तर लागेल ते जवळच्या बाजारात घेता येतं, आणि बुडालेल्या बाजारपेठेतल्या दुकानदारालाही हात मिळतो. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून यादी मागावी. ताडपत्री, झाडू, फावडी, घमेली, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, स्टोव्ह, मुलांच्या वह्या. यातलं कुठल्या दिवशी काय लागेल हे तिथल्या माणसालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट वेळेची. पैशाचा ओघ पहिल्या दहा दिवसांत येतो, गरज मात्र वर्षानुवर्षं राहते. निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीचं रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-आठ वर्षं जातात, उंच जातीच्या माडालाही जवळपास तितकीच. वाडी हेच ज्याचं उत्पन्न होतं, त्याला पहिल्या आठवड्यात मिळालेलं धान्याचं पाकीट कामाचं होतंच, पण त्याचं खरं संकट सहाव्या महिन्यात सुरू झालं. त्याला रोपं हवी होती, कुंपण हवं होतं, मुलांच्या फीला आधार हवा होता. तेव्हा विचारायला फारसं कुणी नव्हतं. म्हणून माझं सांगणं असतं: पाच हजार द्यायचे असतील तर दोन हजार आज द्या, तीन हजार सहा महिन्यांनी त्याच गावात फोन करून द्या.

आणि चिखल काढायला जाणार असाल तर स्वतःचं जेवण, पाणी, गमबूट, हातमोजे घेऊन जा. पुराच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा धोका असतो, पायाला जखम असेल तर उतरू नका. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्यावी.

वेळ द्यायचा तर ऋतू पाहून

चाकरमानी गावी येतो तो शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. गावाला त्याच्या हातांची गरज मात्र नेहमी याच दिवसांत नसते.

पाण्याचंच बघा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांना टँकर लागतो. जमीन उताराची, वर जांभा दगड, पाणी झिरपून नाहीतर वाहून समुद्राला जातं. त्यावर गावाच्या हातातला उपाय म्हणजे वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, आडवी भिंत घालायची. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरी जास्त दिवस टिकतात. पण तो पाऊस ओसरताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पऱ्या वाहता असतानाच घालावा लागतो. मे महिन्यात शंभर माणसं हजर असून उपयोग नाही, तेव्हा पऱ्या कोरडा असतो. मे महिना विहिरीचा आणि तळ्याचा गाळ काढायला उत्तम. दिवाळीत दोन दिवस जास्त काढून आलेली दहा माणसं बंधाऱ्याला पुरतात.

रक्ताचंही तसंच. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. साठवलेलं रक्त पाच-सहा आठवडे टिकतं, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. म्हणून एखाद्या जयंतीला एकाच दिवशी दोनशे पिशव्या जमवण्यापेक्षा वर्षभरात विखुरलेली पाच छोटी शिबिरं रक्तपेढीला जास्त उपयोगी पडतात. सुट्टीच्या दिवसांत, मे महिन्यात तुटवडा असतो, आणि नेमके तेव्हाच गावं भरलेली असतात.

काही कामांना मात्र रोजची हजेरी लागते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली. गावातले तरुण कासवमित्र हंगामभर पहाटेच्या आधी किनारा पायी धुंडाळतात, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरण्याआधी अंडी काढून कुंपणात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. अशा ठिकाणी दोन दिवसांसाठी जाऊन 'मदत करतो' म्हणणाऱ्याने घरगुती निवासात राहावं, पैसे मोजून जेवावं आणि किनाऱ्यावर सांगतील तसं वागावं. तीच त्या कामाला झालेली मदत.

चालू खर्चासाठी ठरलेली रक्कम

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली. अशा वेळी पुस्तकं पाठवणारे पुष्कळ असतात. रोज कुलूप उघडणाऱ्या, पुस्तकं लावणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे देणारे फार कमी. गावोगावच्या वाचनालयांची हीच कथा आहे.

गणित सोपं आहे. पन्नास जणांनी महिन्याला दोनशे रुपये बँकेतून आपोआप जातील असं करून ठेवलं तर दरमहा दहा हजार होतात. त्यात छोट्या गावचं वाचनालय रोज संध्याकाळी उघडं राहतं. देताना फक्त कळवायचं, की ही रक्कम चालू खर्चासाठी आहे. देणगीचे दोन प्रकार असतात: कायम निधी, ज्याला हात न लावता फक्त व्याज वापरायचं, आणि सर्वसाधारण निधी, जो लागेल तसा खर्च करता येतो. तुम्ही 'पंख्यासाठी' असं लिहिलंत तर ती रक्कम पंख्यालाच जाते, विजेचं बिल थकलं तरी.

आजारपणासाठी वर्गणी काढण्याआधीही एक गोष्ट तपासावी. गावातला रुग्ण मुंबईला नेला की व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरायला लागतो. मात्र राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे, आणि तिच्यासाठी रुग्णालयाला बिलांच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचेही अर्ज तिथेच मार्गी लागतात. हे करून जे कमी पडेल तेवढ्याची वर्गणी काढावी, आणि ती शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात थेट भरावी.

या कागदांमागे धावायला मुंबईत कुणीतरी मोकळा माणूस लागतो. निवृत्त झालेल्या, लोकलने फिरता येणाऱ्या दोघा-तिघांना मंडळाने हे काम नेमून द्यावं. त्यांची नावं आणि फोन नंबर गावातल्या आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लिहून ठेवावेत, प्रवासखर्च मंडळाने द्यावा, आणि तसा ठराव वार्षिक सभेच्या इतिवृत्तात घालावा, म्हणजे पुढच्या खजिनदारालाही तो खर्च टाकता येईल.